नॉर्मंडीचे डी-डे बीच आणि म्युझियम: सुट्टीत जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. आम्ही इंग्लंडमधे राहतो आणि नॉर्मंडीला तीनदा जाऊन आलोय, एकदा नुसते दोघं, एकदा मुलांना घेऊन आणि गेल्या वेळी सासू-सासऱ्यांसकट सहा जण एका गाडीत, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येकाला वाटतं की हिला विचारलं की झालं. आता एकदाच सगळं टाइप करतेय. पुढच्या वेळी ही लिंकच पाठवणार.

हे नक्की कुठे आहे आणि तिथे झालं काय होतं? फार इतिहास नको, थोडक्यात सांग.

फ्रान्सचा उत्तर किनारा, समोर इंग्लंड, मधे इंग्लिश खाडी. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला (हाच तो डी-डे), म्हणजे फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात जाऊन चार वर्षं झाल्यावर, दोस्त राष्ट्रांचे जवळपास १,५६,००० सैनिक एका दिवसात इथे उतरले, काही बोटीतून आणि काही आदल्या रात्री पॅराशूट नि ग्लायडरने. साधारण ८० किलोमीटरचा किनारा पाच तुकड्यांत वाटून घेतला होता आणि त्यांची सांकेतिक नावं आजही तशीच चालतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे यायचं तर युटा आणि ओमाहा हे अमेरिकनांचे, गोल्ड ब्रिटिशांचा, जुनो कॅनडाचा, सोर्ड परत ब्रिटिशांचा. त्या एका दिवसात दोस्तांचे ४,४०० हून जास्त जण मेले एवढी नावं आत्तापर्यंत पक्की झालीयत. एवढं माहीत असलं तरी निघायला पुरतं, बाकीचं म्युझियमवाले सांगतात.

पण बीचवर बघण्यासारखं काय आहे? शेवटी वाळूच ना?

हो, वाळूच. आणि हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या एका नातेवाइकांनी ओमाहाला गाडी उभी केली, दहा मिनिटं समुद्राकडे बघितलं, फोटो काढला आणि 'हे तर आपल्या मुरूड-हर्णैसारखंच आहे की' म्हणून परत फिरले. चूक त्यांची नाही, ते भरतीच्या वेळी गेले होते.

माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर आहे. नॉर्मंडीला जाताना हॉटेलच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा. कोकणातल्या माणसाला ओहोटी म्हणजे काय ते शिकवायला नको पण इथला फरक फार मोठा असतो, उधाणाच्या दिवसांत सहा-सात मीटर पाणी वरखाली होतं. भरतीला ओमाहाचा बीच म्हणजे एक अरुंद पट्टी. ओहोटीला त्याच जागी तीनेकशे मीटर ओली सपाट वाळू उघडी पडते, कुठे आडोसा नाही, आणि समोर हिरवी टेकडी, जिच्यावर मशीनगन होत्या. पाण्याच्या कडेला जायचं, मागे वळायचं आणि टेकडीकडे चालत यायचं. बास. मग कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

आता ते ओहोटीलाच का उतरले, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला होता आणि तो बरोबर होता, कारण भरतीला आले असते तर एवढं पळावं लागलं नसतं. जर्मनांचाही तोच अंदाज होता. जर्मन सेनापती रोमेलने किनाऱ्यावर लाकडी खांब, लोखंडी अडथळे आणि त्यांच्यावर सुरुंग असं सगळं लावून ठेवलेलं, ते भरतीला पाण्याखाली जायचं आणि वरून येणाऱ्या बोटींचा तळ फाडायचं. म्हणून दोस्तांनी पाणी खाली असताना, नुकतं चढायला लागलेलं असताना यायचं ठरवलं म्हणजे अडथळे दिसतील, तोडता येतील आणि रिकाम्या बोटी वाढत्या पाण्यावर परत जातील. आदल्या रात्री पॅराशूटवाल्यांना चांदणं पाहिजे, पहाटे ओहोटी पाहिजे, असे दिवस महिन्यात दोन-तीनच मिळतात. जूनमधे ५, ६ आणि ७ होते. ५ तारखेला हवा बिघडली म्हणून दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरने एक दिवस पुढे ढकललं. अमेरिकन साडेसहाला उतरले आणि ब्रिटिश जवळपास तासाने, कारण भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येते. म्हणजे अख्खं प्लॅनिंग पाण्याच्या घड्याळावर चाललेलं, आणि आपण जाऊन ती घड्याळच बघायची नाही म्हणजे काय!

टाइमटेबल टुरिस्ट ऑफिसात फुकट मिळतं, नेटवर पण असतं. त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा दिसेल तो भरतीचा जोर सांगतो. जितका मोठा तितकं पाणी जास्त आत जातं आणि जास्त बाहेर येतं. ९० च्या वरचा दिवस मिळाला तर सोडू नका.

किती दिवस काढायचे?

तीन रात्री. दोनमधे पण होतं पण धावपळ होते. आणि कृपा करून पाचही बीच एका दिवसात 'कव्हर' करू नका, आम्ही पहिल्या ट्रिपला केलं आणि संध्याकाळी कुठल्या म्युझियममधे कुठला रणगाडा बघितला ते नवऱ्याला आणि मला दोघांनाही सांगता येईना. एक दिवस अमेरिकन बाजू, एक दिवस ब्रिटिश-कॅनेडियन बाजू आणि एक दिवस मोकळा, समुद्रावर पडून राहायला. सुट्टीच आहे ना ती.

पॅरिसहून एका दिवसात जमेल का?

जमतं. सां-लाझार स्टेशनवरून ट्रेन आहे, काँला दोनेक तास आणि बायूला त्याहून थोडं जास्त. सकाळी लवकर निघून बायूवरून अर्ध्या दिवसाची मिनीबस टूर घेऊन रात्री परत असं लोक करतात. पण मग ओहोटी टूरच्या वेळेत आली तर नशीब. एकच दिवस असेल तर ओमाहा, वरची अमेरिकन सिमेटरी आणि प्वांत दु ओक (समुद्राकाठचा उभा कडा, पुढे सांगते) एवढंच करा.

आणि तिकीट काढताना स्पेलिंग नीट बघा. हे काँ नॉर्मंडीत आहे, फिल्म फेस्टिव्हलवालं कान पार दक्षिणेला भूमध्य समुद्रावर आहे. हसू नका, एकांनी कानचं हॉटेल बुक करून मला स्क्रीनशॉट पाठवलेला.

राहायचं कुठे?

बायू. स्पेलिंग बघून बायेक्स म्हणाल तर तिथे कुणाला कळणार नाही. ७ जून १९४४ लाच सुटलं आणि बॉम्बिंगमधून वाचलं, त्यामुळे जुनी दगडी घरं, कॅथेड्रल, मधून वाहणारी छोटी नदी हे सगळं अजून शाबूत आहे. सगळीकडून मध्यावर पडतं, बीच दहा-बारा किलोमीटरवर. काँ मोठं शहर आहे, स्वस्त पडतं, पण तिथे महिनाभर लढाई आणि बॉम्बिंग चाललं त्यामुळे बरचसं शहर युद्धानंतर बांधलेलं आहे.

अगदी समुद्रासमोर पाहिजे असेल तर अरोमांश किंवा विस्त्राम. विस्त्रामला पोर्टस्मथची बोट लागते, गाडीसकट साधारण सहा तास, रात्रीची पण असते. इंग्लंडमधल्यांना हे सगळ्यात सोपं.

व्हिसाचं काय? आमच्याकडे यूकेचं रेसिडेन्स आहे.

त्याने काही होत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन वेगळा काढायला लागतो, भारतातून येणाऱ्यांना पण तोच. ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपल्सरी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो तर करून टाका.

गाडी लागतेच का?

घरची माणसं जास्त असतील तर घ्याच. बस आहेत, बायूवरून अरोमांशला आणि ओमाहाच्या बाजूला जातात, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी त्याहून कमी, एक चुकली की दुपार गेली. दोघंच असाल, अंगात जोर असेल तर सायकल भाड्याने घ्या, रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, वारा मात्र तोंडावर येतो.

गाडीच्या दोन गोष्टी. खेड्यात जिथे कसलीच पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो अगदी बारक्या गल्लीतून का येईना. आणि पॅरिसहून येणाऱ्या ए-१३ हायवेवर आता टोलनाकेच नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत आपण होऊन ऑनलाइन पैसे भरायचे. आम्ही विसरलो. पुढे काय झालं ते सांगायला नको. भारतातलं लायसन्स असेल तर इंटरनॅशनल परमिट सोबत काढून आणा, गाडी देताना मागतात.

म्युझियम डझनभर दिसतायत, सगळी सारखीच वाटतात. कुठली बघू?

अर्धी खरंच सारखी आहेत. हेल्मेट, बंदुका, पुतळ्यांना घातलेले युनिफॉर्म, काचेत सिगारेटची पाकिटं. दोन बघितली की तिसऱ्यात पाय दुखायला लागतात. एका दिवसात एकच, हा आमच्या घरचा नियम.

काँचं मेमोरियल सगळ्यात मोठं, १९८८ मधे उघडलं. ते फक्त ६ जूनचं नाही, पहिल्या महायुद्धानंतर युरोप कसा बिघडत गेला तिथपासून सुरू होतं. मोठ्या माणसांना फार आवडतं, सासऱ्यांनी चार तास लावले आणि एकेक पाटी वाचली. पण सहा वर्षांच्या मुलाला नेऊ नका.

अरोमांशचं म्युझियम तिथल्या कृत्रिम बंदराबद्दल आहे आणि मला वैयक्तिक विचाराल तर हे सगळ्यात हुशार प्रकरण. बंदर जिंकायला वेळ लागणार मग बंदरच सोबत न्यायचं, अशी आयडिया. सिमेंटचे इमारतीएवढे पोकळ ठोकळे इंग्लंडमधे बांधले, खाडीतून ओढत आणले आणि इथे बुडवून भिंत केली. अशी दोन बंदरं केली होती. ओमाहाचं १९ जूनला आलेल्या वादळात मोडलं, अरोमांशचं टिकलं आणि त्याचे ठोकळे अजून समुद्रात उभे आहेत. म्युझियमची नवीन इमारत २०२३ ची आहे, मोठ्या काचेतून समोरचे खरे अवशेष दिसतात आणि आत त्यांचं मॉडेल. ओहोटीला खाली उतरून काही तुकड्यांना हात लावता येतो. पाणी परत येताना झपाट्याने येतं तेवढं लक्षात ठेवा.

कुर्स्यूलचं जुनो बीच सेंटर कॅनडावाल्यांचं, २००३ पासून. आटोपशीर आहे, लोक मनापासून बोलतात. टोरंटोच्या नणंदेला इथेच नेलं तर ती बाहेर यायला तयार नव्हती.

युटाच्या म्युझियममधे एक अख्खं बी-२६ विमान आहे आणि इमारत जर्मन बंकरला धरूनच उभी केलीय. युटाची गोष्ट मजेशीर आहे, प्रवाहामुळे बोटी ठरलेल्या जागेपासून दोन किलोमीटर दक्षिणेला लागल्या आणि तिथे बंदोबस्त कमी निघाला. सोबत जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर होता, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, वय ५६, संधिवात, हातात काठी. त्याने तिथूनच पुढे जायचं ठरवलं. महिन्याभरात हार्ट अटॅकने गेला, ओमाहाच्या वरच्या सिमेटरीत त्याची कबर आहे.

तिकिटं साधारण दहा ते वीस युरो. चौघांचे चार म्युझियम म्हणजे हिशोब करा. फुकट पण भरपूर आहे: सगळे बीच, सगळ्या सिमेटरी, प्वांत दु ओक, आणि लोंग-सुर-मेरच्या चार जर्मन तोफा, सिमेंटच्या कोठड्यांत अजून जागच्या जागी.

मुलं कंटाळतील का?

सेंत-मेर-एग्लीजला न्या. तिथल्या चर्चच्या छतावर एका पॅराशूटवाल्याचा पुतळा लटकवलाय कारण जॉन स्टील नावाचा सैनिक त्या रात्री खरंच तिथे अडकला होता, मेल्याचं सोंग करून तास-दोन तास लोंबकळला, पकडला गेला आणि नंतर निसटला. समोरच्या एअरबोर्न म्युझियममधे सी-४७ विमान आणि खरं ग्लायडर आहे. आमचा धाकटा अजून 'लटकलेल्या काकांचं गाव' म्हणतो.

दुसरं प्वांत दु ओक. तीसेक मीटरचा उभा कडा, जो २२५ अमेरिकन रेंजर्सनी दोर आणि शिड्या लावून चढला, आणि वर गेले तर तोफा जागेवर नाहीत! जर्मनांनी आधीच मागे हलवल्या होत्या. शोधून निकामी केल्या, मग दोन दिवस जागा धरून ठेवली, शेवटी लढण्याच्या अवस्थेत ९० उरले. बॉम्बचे खड्डे तसेच ठेवलेत, गवत उगवलंय, मुलं वर-खाली पळतात. कड्याजवळ दोरी लावलीय तिच्या पलीकडे जाऊ देऊ नका, कडा ढासळतोय.

तिसरं पेगासस ब्रिज. मध्यरात्री बारा वाजून सोळा मिनिटांनी ब्रिटिशांनी ग्लायडर पुलाच्या अगदी शेजारी उतरवले, अंधारात, इंजिन नसलेलं विमान. जुना पूल उचलून म्युझियमच्या आवारात ठेवलाय, त्यावरून चालता येतं.

त्या बीचवर पोहणं, खेळणं वाईट नाही का दिसत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि थोडं आडून विचारतात. मला पण पहिल्यांदा कसंसंच झालं होतं. ओमाहावर उतरलो तर समोर एक फ्रेंच कुटुंब, आजी खुर्चीत, पोरं वाळूचा किल्ला करतायत, एक जण घोड्यावरून चाललाय, आणि त्याच्या मागे 'ले ब्राव्ह' नावाचं स्टीलचं उंच शिल्प. म्हटलं हे काय. मग लक्षात आलं की हे त्यांचं गाव आहे, ते काय ऐंशी वर्षं समुद्राला पाठ करून बसणार का?

तर पोहा. पाणी ऑगस्टमधे पण १७-१८ डिग्री असतं त्यामुळे कोकणाची सवय असलेला माणूस गुडघ्याच्या वर जात नाहीच. लाइफगार्ड असलेला भाग बघून उतरा. पोहायचाच दिवस असेल तर विस्त्राम किंवा कुर्स्यूलची बाजू बरी, आइस्क्रीम, शॉवर वगैरे सोयी आहेत.

फक्त सिमेटरीत जाताना ओल्या कपड्यात, स्विमसूटवर जाऊ नका. ड्रोन उडवू नका. स्मारकावर चढून रील करू नका, लोक बोलत नाहीत पण बघतात.

सिमेटरी कुठली बघायची? घरचे म्हणतात कबरस्तान काय बघायचं सुट्टीत.

आमच्या सासूबाईंचं अगदी हेच म्हणणं होतं. 'मी गाडीत बसते, तुम्ही या जाऊन.' शेवटी त्याच सगळ्यात मागे राहिल्या.

कोलविलची अमेरिकन सिमेटरी ओमाहाच्या बरोबर वर आहे. जवळपास ९,४०० पांढरे संगमरवरी क्रॉस, मधे मधे ज्यूंचे तारे, गवत कात्रीने कापल्यासारखं, खाली समुद्र. शिवाय ज्यांचं काहीच सापडलं नाही अशा १,५५७ जणांची नावं एका भिंतीवर. संध्याकाळी झेंडा उतरवतात ते बघायला थांबा.

मग ला कांबला जा, कुणी जात नाही म्हणून मुद्दाम सांगते. ती जर्मनांची, २१,००० च्या वर माणसं. तिथे गडद रंगाचे ठेंगणे क्रॉस आणि जमिनीत बसवलेल्या पाट्या, बऱ्याच ठिकाणी एका पाटीखाली दोघं. जन्मसाल वाचलं की अठरा-एकोणीसची पोरं निघतात. बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, 'ह्यांना कुणी विचारलं असेल का जायचं का म्हणून?' आम्ही कुणी उत्तर दिलं नाही.

आणि बायूची ब्रिटिश सिमेटरी, ४,६०० हून जास्त कबरी. इथे दगडाच्या पायथ्याशी घरच्यांनी दिलेली एक-दोन ओळी कोरलेली असतात, आईने, बायकोने लिहिलेल्या. सासूबाई त्या एकेक माझ्याकडून मराठीत करून घेत बसल्या, तासभर. रस्त्यापलीकडे स्मारकावर लॅटिनमधे एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की विल्यमने जिंकलेल्या आम्ही त्या जिंकणाऱ्याचाच देश सोडवला. म्हणजे १०६६ ला इथल्या विल्यमने जाऊन इंग्लंड घेतलं होतं त्याची ही परतफेड. इंग्रज मेल्यावर पण टोमणा सोडत नाहीत.

आपले लोक लढले होते का तिथे?

नॉर्मंडीत उतरलेल्यांत भारतीय पलटणी नव्हत्या. त्या वेळी आपल्या डिव्हिजन इटलीत आणि बर्मा-इंफाळच्या बाजूला होत्या. फ्रान्सला त्याआधी आपल्या खेचरांच्या तुकड्या आलेल्या, १९३९ च्या डिसेंबरमधे, आणि १९४० ला त्यातल्या काही डंकर्कहून परतल्या. पहिल्या महायुद्धातले म्हणाल तर उत्तर फ्रान्समधे नव्ह-शापेलला स्मारक आहे, कबर नसलेल्या ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं तिथे आहेत. पण ते बायूहून काही तास लांब, वेगळी ट्रिप करा.

आमचे सासरे माणगावजवळचे. बायूच्या सिमेटरीत फिरता फिरता त्यांनी विचारलं, 'आपल्या यशवंतरावांची कबर कुठे असेल गं?' मुंबई-गोवा रस्त्याने गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना माणगावला पुतळा आहे हे पण माहीत नसतं. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्री. नॉर्मंडीत लढाई चालू होती त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे मशीनगनने पडले. हे एकटे धावले, ग्रेनेडने गन गप्प केली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. कबर नाहीच, नाव इटलीत कसीनोच्या स्मारकावर आहे. मोंतोने गावात २०२३ मधे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक केलंय. इटलीला जाणारे असाल तर ते करा, आमचं राहिलंय, बाबांना तसा शब्द दिलाय.

फ्रेंच लोकांना हे सगळं कसं वाटतं?

गावागावांत अमेरिकन, ब्रिटिश, कॅनडाचे झेंडे लावलेले असतात आणि तो नुसता टुरिस्टांसाठी देखावा नाही. पण दुसरी बाजू पण आहे, या लढाईत नॉर्मंडीतले जवळपास २०,००० साधे लोक मेले, बरेचसे दोस्तांच्याच बॉम्बखाली. फालेझला सामान्य नागरिकांवरचं वेगळं म्युझियम आहे, २०१६ चं, छोटं, गर्दी नसते. रणगाडे बघून झाले असतील तर तिकडे जा.

शाकाहारी लोकांचे हाल होतात का?

होतात, पण उपाशी राहत नाही. गॅलेट म्हणजे कुट्टूच्या पिठाचं, आपल्या घावनासारखं, आत चीज, मश्रूम, बटाटा. डीफॉल्टमधे अंडं आणि हॅम असतं म्हणून ऑर्डर देतानाच 'सां जांबों, सां झफ' म्हणायचं, म्हणजे हॅम नको, अंडं नको. कामाम्बेर चीज याच भागातलं, मात्र पारंपरिक चीजमधे जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य) असतं, कडक पाळणाऱ्यांनी बघून घ्या.

आणि त्यूरगूल खा! तांदूळ, दूध, साखर, दालचिनी मातीच्या भांड्यात तासन् तास भट्टीत ठेवतात, वर तपकिरी खरपूस साय येते. सासूबाई पहिल्या चमच्याला म्हणाल्या, 'अगं ही तर लागलेली खीर.' दोन वाट्या संपवल्या.

जेवण दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर, मधे किचन बंद. आम्ही साडेतीनला पोचायचो नेहमी. मग बेकरी झिंदाबाद. थेपले आणि लोणचं बॅगेत असू द्या.

कधी जावं? ६ जूनलाच गेलं तर?

६ जूनच्या आठवड्यात जुन्या जीप, युनिफॉर्ममधली हौशी मंडळी, बँड, आकाशातून उतरणारे पॅराशूट, मजा असते. पण हॉटेलं वर्षभर आधी भरतात, रस्ते बंद करतात. आई-वडील, मुलं सोबत असतील तर मे किंवा सप्टेंबर. जूनच्या शेवटी रात्री दहापर्यंत उजेड असतो तो पण फायदा. जानेवारीत बरीच म्युझियम बंद असतात. जॅकेट आणि रेनकोट कुठल्याही महिन्यात.

वयस्कर माणसांना चालणं झेपेल?

सिमेटरी सपाट आहेत, बाकं आहेत. प्वांत दु ओकला वाटा ओबडधोबड, गुडघेवाल्यांनी सुरुवातीच्या भागातूनच बघावं. कोलविलवरून खाली बीचवर चालत जायचा बेत करू नका, ओमाहाला गाडीने खालूनच जा.

बायूचं ते प्रसिद्ध भरतकाम बघता येईल का?

सध्या नाही. १०६६ च्या स्वारीची ती ७० मीटर लांब पट्टी जिथे ठेवतात ते म्युझियम सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, २०२७ मधे उघडायचं ठरलंय.

आठवण म्हणून बाटलीत थोडी वाळू आणली तर चालेल?

नाही. फ्रान्समधे किनाऱ्यावरची वाळू, गोटे उचलून नेणं कायद्याने बंद आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शोधाशोध करायला पण बंदी आहे आणि गंजकं काही दिसलं तर हात लावू नका, जिवंत बॉम्ब अजून सापडतात. शिवाय त्या वाळूत नुसती वाळू नाहीये. १९८८ मधे दोन अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांनी ओमाहाहून नमुना नेला आणि मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्यात लोखंडाचे बारीक कण निघाले, बॉम्बगोळ्यांच्या कपच्या, घासून घासून गुळगुळीत झालेल्या, काही नमुन्यांत ४ टक्क्यांपर्यंत.

आणायचंच तर इझिन्यीची कॅरॅमल आणा, खारट लोण्याची. ती उन्हात विरघळतात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.